मागच्या रांगेचं माप

इब्रामपूर, पेडणे
१८ जुलै २०२५

चि. सिद्धी,

अक्षरावरून पाकीट ओळखलं असशील. फाडायचं तर फाड, पण आधी पहिलं पान वाच, त्यात कामाचं आहे. माझा नंबर तू सात वर्षांपूर्वी बंद केलास. पोस्टमनला बंद करता येत नाही, म्हणून हा कागद. पत्ता तुझ्या आईने दिलेला नाही, उगाच तिच्यावर डाफरू नकोस. ती तुला कोकमाची सोलं नि जत्रेचं खाजं पाठवते, त्या कुरियरची पावती फळीवर पडली होती. 'सिद्धी, स्नेहाच्या घरी, धनकवडी, पुणे.' तिच्यावरून उतरवून घेतला.

मुद्द्यावर येतो. परवा दुपारी मी जनेलाशी, खिडकीपाशी, बसून सुपारी कातरत होतो. आत शालिनी मोबाइल मोठ्याने लावून ऐकत होती, तिला हल्ली तसंच ऐकू येतं. आवाज तुझा. अडकित्ता तसाच हातात राहिला. तू सांगत होतीस की सप्टेंबरात ऑपरेशन आहे. हार्मोनच्या गोळ्यांनी व्हायचं तेवढं झालं, आता छातीत सिलिकॉनचे इम्प्लांट घालणार, आणि माप तुला ठरवायचं आहे. दोनशे पंच्याहत्तर सीसी, तीनशे पंचवीस की तीनशे पंच्याहत्तर. 'आई, तू सांग गो, माझा काय ठरणा नाय,' म्हणालीस. आणि तुझी आई विचारते, 'सीसी म्हणजे मोटारसायकलीक असता तसा?'

अगो, चुकीच्या माणसाला विचारलंस. ह्या घरात त्या विषयातला माणूस मी आहे.

एकतीस वर्षं! मंदोदरी, तारामती, द्रौपदी, कितीतरी. दशावतारात बाई उभी करायची ती पुरुषाने, आणि पेडण्यापासून डिचोलीपर्यंत महादेव गावसासारखी बाई कोणी उभी केली नाही. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. मयेच्या जत्रेत नाटक संपल्यावर एका म्हातारीने देवळामागे गाठून माझी ओटी भरली होती, खण-नारळ घालून. मी म्हटलं, 'आजये, मी बाप्यो मगे.' ती म्हणाली, 'गप रव गो, खोटा बोलू नको.'

ते फुकट नाही झालं. सुरुवातीला मी छातीला जुन्या धोतराचे लहान बोळे लावायचो. कारापूरला एकजण प्रेक्षकांतून ओरडला, 'द्रौपदीक कोणी जेवण घाला रे!' सगळा मांडव हसला. मी त्या दिवशी कानाला खडा लावला. माप असं हवं की मागच्या रांगेत, आंब्याच्या मुळावर बसलेल्यालाही चष्म्याशिवाय बाई दिसली पाहिजे. आणि खांदे रुंद असतील तर माप आणखी वाढवायचं, नाहीतर खांदे आधी रंगमंचावर येतात आणि बाई मागून येते. तुझे खांदे माझे आहेत, गावसांचे. तेव्हा तीनशे पंच्याहत्तर घे. डोळे मिटून घे.

तुला बाई म्हणून लिहायला मला जड जात असेल असं वाटत असेल, तर तसं काही नाही. एकतीस वर्षं मी स्वतःला 'मी आले, मी गेले' म्हटलं आहे. त्या दिवशी रंगपटात माझा आवाज जरा चढला होता, एवढंच. तू ते फारच मनाला लावून घेतलंस.

असो. तीनशे पंच्याहत्तर.

महादेव


इब्रामपूर
२६ जुलै

चि. सिद्धी,

उत्तर नाही. ठीक आहे, मी काही वाट बघत बसलो नव्हतो. पोस्टमन रोज अकराला येतो, आणि मी अकराला पायरीवर असतोच.

तुझ्या आईने मात्र माझं नाक कापलं. म्हणते, 'तुमचो तो कापूस होतो. तिच्या अंगात तां जातला. तुमका काय कळता त्यातला?' एकतीस वर्षांच्या कामाला कापूस म्हणते! मी त्याच दिवशी उठलो आणि पेडण्याला मेडिकलमध्ये गेलो. बाळाची दुधाची बाटली घेतली, तिच्यावर मापाच्या रेघा असतात. दुकानदाराने विचारलं, 'म्हादेवानू, नातू इलो की काय?' मी म्हटलं, 'हां.' तो म्हणाला, 'म्हणजे झील बोटीवरून येवन गेलो तर!' मी म्हटलं, 'हां.'

गावाच्या लेखी तू माझा मुलगा आणि बोटीवर नोकरीला आहेस, हे तुला आईने सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर आता कळलं. मी तरी काय करणार होतो? गोव्यात ज्याचं मूल दिसत नाही ते बोटीवर असतं, मग कोणी खोदून विचारत नाही. सात वर्षांत तू दोनदा कंपनी बदललीस, एकदा तुला बढती मिळाली आणि एकदा बार्सिलोनात तुझा पाय मुरगळला. सगळं मीच केलं. दशावतारात संवाद कोणी लिहून देत नाही, उभ्या उभ्या बोलायचं असतं. ती सवय इथे कामाला आली.

तर बाटली. शालिनीच्या जुन्या परकराच्या दोन गोल पिशव्या शिवल्या, टाके असे बारीक की शिंप्याने बघत राहावं. बाटलीने मोजून दोन्हींत तीनशे पंच्याहत्तरच्या मापाचे उकडे तांदूळ भरले, चोळीच्या आत बसवले आणि आरशापुढे उभा राहिलो. माझं आता अठ्ठावन्न चालू आहे, पोट सुटलंय, मंडळात म्हाताऱ्या राजांची कामं करतो. पण सांगतो, पदर घेतला आणि क्षणभर मलाच वाटलं की उठून नांदी म्हणावी. वजन काही नाही, पीस आहे पीस. माझं म्हणणं कायम.

मागच्या पत्रात आवाज चढला असं लिहिलं होतं. हातही उठला असेल. उठला.

महादेव


इब्रामपूर
४ ऑगस्ट

चि. सिद्धी,

काल आईच्या मोबाइलवर तुझा आवाजी मेसेज आला. 'बाबाक सांग, तांदूळ हलको असता. सिलिकॉन पाण्यापेक्षा जड. रेघेन नको, वजनान मोज म्हणा.'

'बाबाक' म्हणालीस. शालिनीकडून मी तो पाच वेळा वाजवून घेतला. सहाव्यांदा ती म्हणाली, 'बॅटरी संपतली.'

आणि चूक काढलीस ती बिनतोड! आर्किटेक्टकडे नकाशे काढणारी पोर, ती बापाच्या मापातली खोट कशी खपवून घेणार? मी पोदेराला सांगितलं, पाव देता देता तो थांबला. म्हटलं, आमच्याकडे सिमेंटच्या एका विटेचं वजनसुद्धा तोंडपाठ असलेलं माणूस आहे. कोण ते सांगितलं नाही.

मग नदीची रेती धुऊन वाळवली, तांदळात मिसळली आणि वाण्याच्या तराजूवर एकेक पिशवी तीनशे पंच्याहत्तर ग्रॅमच्या थोडी वर नेली. सकाळी सात वाजता घातल्या. ठरवलं, तू दिवसभर वागशील तसं वागायचं. चहा घेतला, अंगण झाडलं, वाकून विहिरीचं पाणी काढलं. नऊ वाजेपर्यंत मजा होती. दहाला मान धरली. अकराला पायरीवर पोस्टमनची वाट बघत बसलो तर पाठीत असं भरून आलं की भिंतीला टेकलो. जेवणानंतर रोजच्यासारखा पालथा पडायला गेलो, तर कुठे पडतो! कुशीवर वळलो तर एक पिशवी इकडे आणि एक तिकडे. शेवटी दोनच्या सुमाराला उठून बसलो आणि दोन्ही काढून टाकल्या. हाश्श! असं बरं वाटलं म्हणून सांगू.

आणि तसाच बसून राहिलो, सिद्धी. मी एकतीस वर्षं बोळे लावले, पण नाटक संपलं की काढून पेटाऱ्यात ठेवले. त्यात कधी जेवलो नाही, कधी निजलो नाही, कधी बस पकडली नाही. तुला काढता यायचे नाहीत. आणि तू तेच म्हणाली होतीस.

आता लिहितो. लिहिल्याशिवाय पुढचं पत्र लिहिता यायचं नाही.

रंगपटात मी रंग लावून उठलो तेव्हा तू माझी जुनी चोळी आणि माझे बोळे लावून, माझी हिरवी साडी नेसून आरशापुढे उभी होतीस. वीस वर्षांची. चेहऱ्याला रंगाचा हात नाही, काजळ नाही. मंडळातली माणसं हसली, 'म्हादेवा, तुझी गादी चालवणारो तयार झालो रे!' मीही हसलो. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? मग म्हटलं, 'आता काढ, माझी एन्ट्री आसा.' तू म्हणालीस, 'बाबा, माका ह्या काढूचा नाय. कधीच नाय.' तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. आठ माणसांसमोर. वर म्हणालो, 'आमी रंग पुसलो की बाप्ये. तुका हे थेर करूचे आसतीत तर माझ्या घराक पाय लावू नको.'

मी लोकांना भ्यालो, हे तर झालंच. एकतीस वर्षं लोक मला बायकी म्हणून चिडवतील ह्या धाकाने मी नाटकाबाहेर छाती काढून, शिव्या देत फिरलो. पण दुसरंही एक आहे, ते तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. मला बाई दिसायला दोन तास लागायचे. तू नुसती उभी होतीस आणि दिसत होतीस. माझ्यापेक्षा बरी. मला ते सहन झालं नाही.

तू क्षमा कर असं मी म्हणत नाही. चूक माझी होती आणि ती मोठी होती, एवढं कळलंय.

मापाचंही चुकलंच माझं. मी तुला मागच्या रांगेसाठी सांगत होतो. तुझ्या जन्माला मागची रांग कुठली आली? तुला ऑफिसात बसायचंय, जिना चढायचाय, पोटावर निजायचंय. तीनशे पंच्याहत्तर नको. आता दोनशे पंच्याहत्तरच्या शिवतोय. घालून बघतो आणि कळवतो.

बाबा


इब्रामपूर
१३ ऑगस्ट

चि. सिद्धी,

दोनशे पंच्याहत्तर चार दिवस वागवलं. पाठ दुखत नाही. पोटावर निजता येत नाही, पण त्याला इलाज नाही, एक उशी लागेल. वाकलं की ओढ बसते ती पहिले दोन दिवस, मग अंगाला कळतं. शालिनी म्हणते डॉक्टरांनी तुझ्या छातीच्या हाडाची रुंदी पट्टीने मोजली आहे आणि त्यापलीकडचं माप घेतलं तर काखेत येईल. हे मला आधी कोणी का नाही सांगितलं? खांदे झाकायला छाती वाढवायची नसते तर! बघ, अठ्ठावन्नाव्या वर्षी माझ्याच धंद्यातलं शिकलो.

पण आज पत्र त्यासाठी नाही. आज एक गोष्ट घडली.

अकरा वाजले होते. ऊन पडलं होतं म्हणून मी अंगणात नारळ सोलत होतो, पिशव्या आणि चोळी अंगात. वर शर्ट घातला होता, पण बटणं कुठून लागणार! तेवढ्यात दगडी गडग्यावरून बाबली आत आला. शेजारचाच, तू त्याच्या पेरूच्या झाडावरून पडली होतीस तो. शिडी मागायला आला होता. मला बघून जागच्या जागी थिजला. मग दात काढून म्हणाला, 'अरे म्हादेवा, भर श्रावणात खंयची तालीम?'

बघ, त्याने मला तयार वाक्य आणून दिलं होतं. 'हां रे, जत्रेची तयारी,' एवढं म्हटलं असतं की झालं असतं. तोंडात आलंही होतं. बोटीवरचा मुलगा, बार्सिलोना, बढती, सगळं शाबूत राहिलं असतं.

मी कोयता खाली ठेवला. गावात पहिल्यांदा तुला मुलगी म्हटलं, 'तालीम नाय रे. माझ्या चेडवाचा ऑपरेशन आसा. माप बघतंय.'

'तुझ्या चेडवाचा? तुका चेडू खंय आसा?'

'आसा. पुण्याक आसा. तू जेका माझो झील म्हणतस, तां चेडू. नाव सिद्धी. बोटीवर माझा कोण नाय. सात वर्षां मी तुमका खोटा सांगलंय.'

बाबली पायरीवर बसला. मी उभाच. काय बोलेल, थुंकेल, हसेल, मला काही सांगता येत नव्हतं. त्याने कमरेची तंबाखू काढली, मळली, तोंडात टाकली. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, 'उजवी बाजू जरा खाली इली हा तुझी.'

मी वर ओढली. तो म्हणाला, 'आता बरां,' आणि शिडी घेऊन गेला.

संध्याकाळपर्यंत गावात झालंच. बाबलीचं पोट म्हणजे फुटका माठ. वाण्याकडे दोघं तेच बोलत होते. एकाने हसून तोंड फिरवलं. मी साखर मागितली आणि तिथेच उभा राहून सांगितलं, 'माझी धूव सिद्धी आर्किटेक्टकडे नकाशे काढते. तिने काढलेली इमारत पुण्यात सात मजल्यांची उभी आहे.' मजले किती ते मला ठाऊक नाही, कमी असतील तर कळव.

घरी आलो तर शालिनी चुलीपाशी रडत बसलेली. मला वाटलं, आता हिची बोलणी. तर म्हणते, 'सात वर्षां देवळात बायका विचारीत आनी मी बोटीचा नाव सांगी. एकदा विसारलंय आनी दुसराच नाव सांगलंय. सुटलंय मी.' मग डोळे पुसून मलाच दम दिला, 'आता ती चोळी काढा, फाटतली.'

तुला न विचारता तुझं नाव गावात सांगितलं. रागावलीस तर रागाव. पण मला सात वर्षांत एवढं हलकं वाटलेलं नाही.

बाबा


इब्रामपूर
२९ ऑगस्ट

चि. सिद्धी,

तुझं पत्र चवथीच्या आदल्या दिवशी आलं. चार ओळी. पोस्टमनच्या हातातून ओढूनच घेतलं. 'तीनशे घेतेय. डॉक्टर म्हणाले नीट बसेल. इमारत चार मजल्यांची आहे. फॉर्मवर नातेवाईक म्हणून स्नेहाचं नाव दिलंय.'

तीनशे! यादीत नव्हतंच ते! बापाचं तीनशे पंच्याहत्तर नाही, बापाचं दोनशे पंच्याहत्तर नाही. डॉक्टरांना सांगून स्वतःचं माप काढून घेतलंस. शाब्बास गो माझे बाये! मी पिशव्या उसवून पंचवीस-पंचवीस ग्रॅम वाढवून बघितलं. बरोबर आहे. काही बोलायला जागा नाही.

चवथीचं सांगतो. गणपती नेहमीप्रमाणे मधुकरदादाच्या घरी, मूळ घरात. तुझी आई नि मी गेलो तेव्हा गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधायचं चाललं होतं. दादाने मला बाजूला घेतलं. गावात बोलणं झालंय, घराण्याचं नाव आहे, चवथीला सगळे येतात, तू तो विषय काढू नकोस, आणि पुढच्या वर्षी तिला वगैरे इथे आणू नकोस, लोकांना बघवणार नाही. मोठा भाऊ आहे, आजवर त्याच्यापुढे मी तोंड उघडलेलं नाही. सुतळी हातात होती ती त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, 'दादा, ती येतली. जेका बघवणा नाय तेणी माटोळीकडे बघूचा.'

मग आम्ही दोघं घरी परत आलो. दीड दिवस दर्शनालाही कोणी बोलावलं नाही. तुझ्या आईने नेवऱ्या तळल्या त्या दोघांनीच खाल्ल्या आणि बाबलीने. बाबलीने दहा खाल्ल्या. वाईट वाटलं नाही असं नाही. जन्मात पहिली चवथ आरतीशिवाय गेली. पण सिद्धी, शपथेवर सांगतो, ते वाक्य मी नाटकात म्हटलं असतं तर टाळ्या थांबल्या नसत्या.

आता माझं मागणं. फॉर्मवर स्नेहाचं नाव आहे ते राहू दे. तुझ्या पडत्या दिवसांत ती उभी राहिली, मी नव्हतो. मला नुसतं बाहेर बसायचं आहे. बाकावर, कोपऱ्यात. तुझ्याशी बोलणार नाही, डॉक्टरांना छातीवर सल्ला देणार नाही. ये म्हणालीस तर येतो, नको म्हणालीस तर इथेच बसेन. पण सांग.

बाबा


पुणे
११ सप्टेंबर

चि. सिद्धी,

हे पत्र हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. तू आत आहेस. दार बंद होऊन दीड तास झाला.

'यायचं तर ये, पण रडायचं नाही,' एवढंच तू कळवलंस. म्हापशाहून बसमध्ये बसलो तेव्हा शालिनी म्हणाली, 'तिका सांगा, ताप आसा म्हणून इलंय नाय, नायतर मीच येतलंय होतंय.' ते तुला सकाळी सांगायचं होतं. सात वाजता स्नेहाने मला खोलीत नेलं. तू हिरवा गाऊन घालून पलंगावर बसली होतीस, केस वर बांधलेले. शालिनीच्या लग्नातल्या फोटोसारखी हुबेहूब. मी बसमध्ये पाच संवाद तयार केले होते. एकतीस वर्षं लिहिलेल्या कागदाशिवाय बोललो, आणि तिथे पाचही विसरलो. तू विचारलंस, 'बस कशी होती?' मी म्हटलं, 'बरी होती.' मग तू माझ्या पायांकडे बघितलंस आणि म्हणालीस, 'चप्पल नवी घेतलीस काय?' मी म्हटलं, 'हां.' तेवढ्यात तुला न्यायला आले. जाताना तू माझ्या खांद्याला हात लावलास. झटकन, पण लावलास. मी रडलो नाही. तू दाराआड गेल्यावर थोडा रडलो, ते तुझ्या अटीत येत नाही.

स्नेहा चांगली मुलगी आहे. तिने मला चहा आणून दिला, साखर विचारून. मला भीती वाटते आहे. तुझ्या मापाची नाही, ते तू अचूक काढलं आहेस. भूल, रक्त, असलं सगळं डोक्यात येतं. मी देवाला म्हटलं, माझी ओटी भरली होती ना त्या म्हातारीने, तिचं पुण्य ह्या पोरीला दे.

एवढं लिहिलं आणि दार उघडलं. थांबावं लागलं. आता पुन्हा लिहायला घेतलंय, घाईत आहे, अक्षर समजून घे.

सिस्टर फाइल घेऊन बाहेर आली आणि मोठ्याने म्हणाली, 'सिद्धी महादेव गावस! नातेवाईक कोण आहेत?'

मला माहीत नव्हतं गो. कुरियरच्या पावतीवर नुसतं सिद्धी होतं. मला वाटलं, नाव बदललंस तेव्हा पहिलं माझं काढून टाकलं असशील. तुझ्या जागी मी असतो तर टाकलंच असतं. सात वर्षं मी गावात तुझं नाव घेतलं नाही, आणि तू इकडे सरकारी कागदावर माझं नाव मधे घेऊन जगत होतीस.

मी स्नेहाकडे बघितलं. सिस्टरने पुन्हा पुकारा केला. फॉर्मवर स्नेहाचं नाव, पण ती जागची हलली नाही. मला कोपराने ढोसून म्हणाली, 'काका, उठा. तुम्हालाच बोलावतायत.'

उठलो. म्हटलं, 'मी महादेव गावस. सिद्धी माझी मुलगी.' आवाज जरा मोठाच निघाला असावा, बाकांवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

सिस्टर म्हणाली, 'छान झालं ऑपरेशन. मुलगी शुद्धीवर येतेय, बाबा म्हणून हाक मारतेय. थोड्या वेळाने आत बोलावते.' तेवढ्या वेळात हे लिहिलं, आता बोलावलंय.

जातो.

बाबा